पगारपत्रक नसलेल्याचें घर

सायंकाळच्या वेळीं औरंगपुऱ्यांतून फेरी मारली, तर दोन प्रकारचीं माणसें एकाच रस्त्यावर भेटतात. एक, सरस्वती भुवनाच्या आवारांतून बाहेर पडणारा शिक्षक किंवा कचेरींतून घरीं परतणारा कारकून. दुसरा, हातगाडीवर मेथी-कोथिंबीर मांडून उभा असलेला भाजीवाला, नाहीं तर दुकानाच्या पायरीशीं यंत्र घेऊन बसलेला शिंपी. स्वतःच्या घराची इच्छा दोघांच्याहि मनांत सारखीच असते. कित्येकदां दोघांची महिन्याची प्राप्तीहि सारखीच असते. परंतु घरासाठीं कर्ज मागावयास गेले असतां एकास बसावयास खुर्ची मिळते, आणि दुसऱ्यास पुन्हां केव्हां तरी यावयास सांगतात. कारण एवढेंच, कीं पहिल्याजवळ पगारपत्रक आहे आणि दुसऱ्याजवळ तें नाहीं. अशा दुसऱ्या माणसास कर्ज देण्याचा धंदा आपल्या देशांत कसा उभा राहिला, तो कशाच्या बळावर वाढला, आणि त्या वाढींत कर्जदाराचा लाभ कोणता व धोका कोणता, या तीन गोष्टींचा विचार आज आपण करूं.

घरासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज सामान्य माणसास सुलभ होऊन फार दिवस झाले नाहींत. पूर्वीं मध्यमवर्गीय गृहस्थ घर बांधी तें बहुधा उतारवयांत. भविष्यनिर्वाहनिधीची रक्कम हातीं पडल्यावर, आणि तीहि अपुरी पडली म्हणजे घरांतलें सोनें मोडून. आय.सी.आय.सी.आय. या संस्थेंत दीर्घकाळ काम केलेले हसमुखभाई पारेख यांनीं १९७७ सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, मुंबईस हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजेच एच.डी.एफ.सी., स्थापन केली. जें घर मनुष्य साठाव्या वर्षीं बांधतो, तें त्यास पस्तिसाव्या वर्षीं कां बांधतां येऊं नये? राहत्या घरांत राहूनच त्यानें तें हप्त्याहप्त्यानें फेडावें, हा त्यामागचा विचार. संस्थेचें पहिलें कर्ज १९७८ सालीं मालाडच्या एका घरासाठीं दिलें गेलें. रक्कम तीस हजार रुपये. तीस हजारांपासून निघालेली ही संस्था देशांतील अग्रगण्य गृहकर्जसंस्था झाली, आणि १ जुलै २०२३ रोजीं आपल्याच नांवाच्या बँकेंत विलीन झाली.

मात्र या वाढीचा मुख्य आधार पगारदार वर्ग होता. लहान गांवांकडे आणि लहान मिळकतीकडे वळण्यासाठीं एच.डी.एफ.सी.च्याच पुढाकारानें १९८६ सालीं अहमदाबादेस 'गृह फायनान्स' ही कंपनी निघाली. तिनें गुजरातेंत व पुढें महाराष्ट्रांतहि छोट्या गांवांतून कर्जें दिलीं, आणि २०१९ सालीं ती बंधन बँकेंत विलीन झाली. दरम्यान १९८८ सालीं राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन होऊन अशा कंपन्यांना पैसा पुरविणारी एक सरकारी संस्था लाभली. २०१५ सालीं प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. तिच्यांतील व्याजाच्या सवलतीमुळें अल्प उत्पन्नाचें गिऱ्हाईक या कंपन्यांकडे अधिक संख्येनें येऊं लागलें.

आतां ज्याच्याजवळ कागद नाहीं, त्याची ऐपत ही कंपनी ओळखते तरी कशी? तिचा माणूस स्वतः गिऱ्हाइकाच्या कामाच्या जागीं जातो. भाजीवाल्याकडे रोज किती माल येतो, किती उरतो, आडत्याची उधारी किती, हें तो विचारतो. शिंप्याकडे किती कपडे शिवणीस आले आहेत तें पाहतो. वीजेचें बिल, मुलांची फी, भिशीचे हप्ते, यांवरून घरखर्चाचा अंदाज बांधतो. दहा वर्षें ज्यानें घरभाडें वेळच्यावेळीं दिलें, त्याचें तें भाडें हेंच त्याचें पगारपत्रक, असें म्हणावयास हरकत नाहीं. हें कौशल्य खरें आहे, आणि या कंपन्या वाढल्या त्या मुख्यतः त्याच्या जोरावर.

पण या कौशल्यास किंमत पडते. पांच लाखांच्या कर्जास जेवढे हेलपाटे, तेवढेच पन्नास लाखांच्या कर्जास. शिवाय बँकेकडे लोकांच्या बचत खात्यांतील स्वस्त पैसा असतो. कंपनीस पुष्कळदां बँकेकडूनच पैसा उसना घ्यावा लागतो. म्हणून तिचा व्याजाचा दर चढा असतो. त्याचा अर्थ आंकड्यांनींच पाहूं या. दहा लाखांचें कर्ज वीस वर्षांसाठीं शेंकडा साडेआठ दरानें घेतलें, तर महिन्याचा हप्ता सुमारें ८,६७८ रुपये होतो. शेंकडा तेरा दरानें घेतलें, तर सुमारें ११,७१६ रुपये. महिन्यास तीन हजारांचा हा फरक वीस वर्षांत सात लाखांच्या वर जातो. दुसऱ्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यांत मुद्दलाचा भाग नऊशें रुपयांहून कमी असतो. बाकी सारें व्याज. पांच वर्षांत सात लाख रुपये भरूनहि दहा लाखांपैकीं सुमारें सव्वानऊ लाख मुद्दल शिल्लकच राहतें. हें ज्यास आधीं ठाऊक नसतें, त्यास पांचव्या वर्षीं आपण फसलों असें वाटतें. वास्तविक तो हिशेब पहिल्या दिवसापासून तसाच असतो.

मिळकतीइतकाच बिकट प्रश्न जागेच्या कागदांचा. छत्रपति संभाजीनगरांत तो विशेष जाणवतो. चिकलठाणा आणि वाळूज येथें कारखाने उभे राहिले, तसतशी शहराभोवतीं शेतांचे गुंठे पाडून त्यांची विक्री झाली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट; त्याचेहि भाग पडले. पुष्कळांनीं नोंदलेल्या खरेदीखताऐवजीं नुसत्या मुद्रांकावर, ज्यास आपल्याकडे 'बॉन्ड' म्हणतात, जागा घेतली. वास्तविक शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीविना पूर्ण होत नाहीं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें अशीं बांधकामें शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस लागू झाली. परंतु नियमितीकरणाचा दाखला हा मालकीचा दाखला नव्हे, हें विसरूं नये. कागद अपुरे असतां कोणी तत्परतेनें कर्ज देऊं लागला, तर आनंद मानण्याआधीं थोडें थांबावें.

कारण या धंद्यांतला खरा धोका घाईंत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारीं जाऊन चौकशी करावयाची, तर वाढ सावकाश होते. ती झपाट्यानें व्हावी असें वाटूं लागलें, कीं चौकशी आंखडते. दुसरी घाई पैसा उभारण्याची. कर्ज द्यावयाचें वीस वर्षांसाठीं, आणि त्यासाठीं पैसा आणावयाचा थोड्या मुदतीचा, म्हणजे जुनें देणें फेडण्यास सारखा नवा सावकार शोधावा लागतो. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठीं १९८४ सालीं मुंबईस निघालेली दिवाण हाउसिंग फायनान्स ही मोठी कंपनी २०१८ च्या अखेरीस बाजारांतला पैसा आटतांच अडचणींत आली. तिच्या कारभाराविषयीं गंभीर आरोपहि झाले. २०१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें तिचें संचालक मंडळ बरखास्त केलें. २०२१ सालीं ती पिरामल समूहाकडे गेली. मोठ्या ठेवी ठेवणाऱ्या अनेकांना ठेवीचा बराच भाग गमवावा लागला. कर्जदारांचें कर्ज मात्र माफ झालें नाहीं. हप्ते नव्या मालकास देणें आलेंच.

आणि हप्ते थकले, तर काय होतें? सामान्यतः नव्वद दिवस थकबाकी राहिली म्हणजे कर्ज अनुत्पादक ठरतें. नंतर २००२ च्या कायद्यानें साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावतां, घर ताब्यांत घेतां येतें. कर्जदारास कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. पण तोंवर घराचें सुख गेलेलें असतें.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं कामास येणाऱ्या बाई, ओळखीचा शिंपी, रोजचा भाजीवाला केव्हां तरी असे कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, एवढें वाचून सांगा." त्या वेळीं 'सही करून टाका' असें म्हणून त्यास वाटेस लावूं नये. चार गोष्टी पाहाव्या. पहिली, २०२४ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक अशा कर्जाबरोबर मुख्य अटींचें विवरणपत्र कर्जदारास समजेल अशा भाषेंत देणें बंधनकारक आहे; तें मागावें, आणि त्यांतील सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर पाहावा. दुसरी, दर बदलता असेल, तर घरासाठीं घेतलेलें कर्ज मुदतीपूर्वीं फेडल्यास व्यक्तीस दंड पडत नाहीं. म्हणून हातीं पैसा आला कीं मुद्दल कमी करावें. तिसरी, कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांच्या आंत परत मिळाले पाहिजेत. कंपनीच्या दोषानें विलंब झाल्यास दिवसास पांच हजार रुपये भरपाई तिजकडून येणें लागते. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, हप्ता लग्नसराईंतल्या मिळकतीवर बेतूं नये. आषाढ-श्रावणाच्या मंदींत जें हातीं उरतें, त्यावर तो बेतावा.

पगारपत्रक नसलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी संस्था उभी राहिली, ही समाधानाची गोष्ट आहे. तो विश्वास डोळस राहावा, यासाठीं कंपनीनें चौकशीचा कंटाळा करूं नये, आणि आपण शिकलेल्यांनीं शेजाऱ्याचा कागद वाचण्याचा आळस करूं नये. तेवढ्या अर्ध्या तासावर एखाद्याचें वीस वर्षांचें छप्पर अवलंबून असतें.