हवेला वाट देणारी मोटार

रत्नागिरीत भर वाऱ्यात मांडवीकडे सायकल हाकणाऱ्याला हवेचा विरोध म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मोटारीत बसणाऱ्याला मात्र तो जाणवत नाही, कारण त्याच्या वतीने इंजिन झगडत असते. मोटारी बनवणाऱ्यांनीही या विरोधाकडे बरीच वर्षे फारसे लक्ष दिले नव्हते. ते देऊन बाजारात आलेली एक गाजलेली अमेरिकन गाडी म्हणजे क्रायस्लर कंपनीची १९३४ ची 'एअरफ्लो'.

आधी थोडा हिशेब करू. गाडीचा वेग दुप्पट झाला, की दर सेकंदाला वाटेत येणारी हवा दुप्पट होते. शिवाय त्या हवेला दुप्पट वेगाने बाजूला सारावे लागते. म्हणून विरोध चौपट होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. तेव्हा ताशी ४० कि.मी.वरून ८० कि.मी.वर जाताना केवळ हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते!

हा विरोध केवळ समोरून होतो का? वर्गात करून पाहा. पेटत्या मेणबत्तीपुढे पोस्टकार्ड उभे धरा आणि समोरून कार्डावर फुंकर मारा. ज्योत चक्क कार्डाकडे, म्हणजे तुमच्याकडे झुकते. कार्डामागे हवेचे भोवरे होतात, दाब कमी होतो आणि हवा उलट खेचली जाते. आता कार्ड वाकवून थेंबाचा आकार करा. गोल बाजू तुमच्याकडे आणि निमुळती बाजू ज्योतीकडे ठेवा. फुंकर मारताच ज्योत पलीकडे झुकेल. मिरकरवाडा बंदरावर मिळणारा बांगडा पाहा: पुढून भरीव, मागे निमुळता.

क्रायस्लरचे इंजिनिअर कार्ल ब्रीअर आणि त्यांचे सहकारी यांनी वातबोगद्यात मोटारींच्या प्रतिकृती तपासल्या. या कामात विमानाचे जनक ऑर्व्हिल राइट यांचाही सल्ला घेतला होता. निष्कर्ष गमतीदार निघाला. त्या काळच्या खोकेवजा गाड्या उलट्या ठेवल्या, तर हवेचा विरोध कमी होई! लोकांना हे पटावे म्हणून कंपनीने डेट्रॉइटच्या रस्त्यांवर 'उलटी धावणारी' मोटारही फिरवली.

एअरफ्लोचे नाक गोलसर होते, दिवे अंगात बसवलेले होते आणि पाठ उतरती होती. पण खरा बदल आत होता. जुन्या गाड्यांत मागचे आसन चाकांच्या आसावरच येई. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला खड्डा कसा कळतो, ते आपण जाणतोच. एअरफ्लोमध्ये इंजिन पुढे सरकवून पुढच्या आसावर आणले. त्यामुळे मागचे आसनही पुढे घेता आले आणि सारे प्रवासी दोन्ही आसांच्या मध्ये बसू लागले. सी-सॉच्या फळीसारख्या वरखाली होणाऱ्या वस्तूचा मधला भाग सर्वांत कमी हलतो, हेच तत्त्व. सांगाडा पोलादी पिंजऱ्यासारखा भक्कम होता. प्रसिद्धीसाठी ११० फूट उंच कड्यावरून ढकललेली गाडी पुन्हा चालवून दाखवली गेली.

तरीही गाडी खपली नाही. उभ्या जाळीच्या आणि लांब नाकाच्या गाड्यांना सरावलेल्या गिऱ्हाइकाला हे रूप रुचले नाही. उत्पादन रखडले, सुरुवातीच्या गाड्यांत दोष निघाले आणि मंदीचे दिवस होतेच. १९३७ नंतर एअरफ्लो बंद झाली. जपानमध्ये मात्र १९३६ च्या 'टोयोडा एए' गाडीवर तिची छाप उमटली.

या अपयशाचे पडसाद एका परीने मुंबईतही पाहायला मिळाले. वालचंद हिराचंद यांच्या, १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जोडणी केली. १९५० च्या सुमाराच्या क्रायस्लरच्या गाड्या उंच आणि उभट असत; टोपी घालूनही आत नीट बसता यावे, असा कंपनीप्रमुखांचा आग्रह होता. बाहेरून पाहिले तर एअरफ्लो पुसलीच गेली होती. आतली बैठक मात्र दोन आसांच्या मध्येच राहिली, आणि आजच्या मोटारींतही ती तशीच आहे. डोळ्यांना दिसणारी सुधारणा लोकांनी नाकारली. पाठीला जाणवणारी स्वीकारली.

मुलांना एस.टी. स्थानकावर न्या. बस, रिक्षा, टेम्पो आणि नवी मोटार यांची चित्रे काढायला सांगा. भोवरे कोणाच्या मागे जास्त होत असतील? आणि यांतली कोणती गाडी उलटी धावली, तर हवेचा त्रास कमी होईल?