मार्चअखेर

साडेसातच्या आत गाठलं नाही तर माणूस उसात जातो आणि मग संध्याकाळपर्यंत सापडत नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देवळाली प्रवरा नगरपरिषदेचा वसुली लिपिक उजाडतानाच मोटारसायकलला किक मारतो. दोन दिवस मी त्याच्या मागं बसून फिरलो, मांडीवर घरपट्टीच्या बिलांचा गठ्ठा धरून.

नगरपरिषद ‘क’ वर्गातली, लोकसंख्या तिसेक हजारांची. गल्ल्यांची दाटी गावठाणातच. बाकीचं शहर उसाच्या कडेनं वाड्यावस्त्यांवर विखुरलेलं, आणि नगर-मनमाड रस्त्यावरची राहुरी फॅक्टरीही याच हद्दीत. साखर कारखान्याचे कित्येक हंगाम बंद गेले, तसं तिथल्या पेठेचं अंग आटलं. तिथं तो निम्म्या रकमेवरही राजी होतो.

गावठाणातल्या एका ओसरीवर त्यानं बिलावरचं नाव वाचलं. आतून म्हातारी म्हणाली, “त्यांना जाऊन किती वर्षं झाली! तू दहाव्याला आला होतास की रे.”

“माहितीय आजी. पण रजिस्टरात तेच हायेत.”

ओसरीच्या मधोमध विटांची भिंत. तीन भाऊ, तीन चुली, विजेचे मीटरही तीन. आकारणी रजिस्टरात मात्र घर एक आणि मालक एक. घराचं वर्षाचं भाडं किती येऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर बसवायचा, असं हे गणित. त्यात शिक्षण कर, वृक्ष कर. पुढं दुकान काढलं असेल तर रोजगार हमी करही. भिंत कुणाच्या वाट्याला गेली, हे त्या गणितात कुठंच येत नाही. थोरला म्हणतो मधल्यानं भरावं, मधला धाकट्याकडे बोट दाखवतो. लिपिकानं वाद घातला नाही. तिघांकडून जमेल तेवढं घेतलं आणि तीन पावत्या फाडल्या, तिन्ही वारलेल्या बापाच्या नावानं.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात बिलानंतर मागणीची नोटीस, नोटिशीनंतर जप्ती. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती. जप्ती हा शब्द मला दोन दिवसांत एकदाही ऐकू आला नाही. ‘नळ तोडावा लागंल’ एवढं मात्र तो म्हणे, तेही खाली बघून. ज्याचा नळ तोडायचा त्याच्याच पंगतीला पुढच्या लग्नात बसायचं असतं.

त्याच्या खिशात एक छोटी वहीही होती. वस्तीच्या वळणावर दिवा हवा, पाइपाचा जोड गळतोय, असं लोक सांगत आणि तो लिहून घेई. लिहिलेलं दिसलं की आतून पैसे येत. माझ्या मते खरी वसुली ती वहीच करते, पावतीपुस्तक नव्हे.

सगळ्यात सोपी वसुली कधी, असं विचारलं तर तो हसला. “इलेक्शनला!” राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती २०२१ च्या अखेरीस संपल्या आणि पुढं प्रशासक बसले. २०२५ च्या डिसेंबरात एकदाच्या निवडणुका झाल्या. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही. मग वर्षानुवर्षं ‘उसाचं पेमेंट आल्यावर बघू’ म्हणणारे आपणहून नगरपरिषदेच्या खिडकीशी आले. “दरसाल इलेक्शन पायजे,” तो म्हणाला.

३१ मार्चला संध्याकाळ उलटली तरी खिडकी उघडी होती. रांगेत त्या ओसरीचा मधला भाऊ. उरलेली सगळी थकबाकी, दोघांच्या वाट्याचीसुद्धा, त्यानं एकरकमी मोजली. बँकेत घर तारण ठेवायचं होतं, आकारणीचा उतारा लागलीच हवा होता. उतारा छापून आला. त्यानं उभ्याउभ्याच वाचला.

“यावर तर बापाचं नाव हाय.”

“मग? रजिस्टरात तेच हायेत.”

लिपिकानं वारसनोंदीचा अर्ज काढला, मृत्यूचा दाखला जोडायला सांगितला आणि कागद खिडकीतून पुढं सरकवला. खाली सह्यांसाठी जागा होती. पेनानं त्यानं तिथं तीन रेघा ओढल्या.