एमआरआयचा आवाज आणि आपलं लेकरू

पुणतांब्याच्या बस्तीत रविवारच्या वंदनेनंतर आम्ही आरोग्याच्या चार गोष्टी बोलायला बसलो होतो. बैठक उठता उठता एक आजी पुढे आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल होती. म्हणाल्या, “ताई, नातीला त्या मशीनमध्ये घालायचं म्हणतात. लय आवाज करतं ते. लेकरू बहिरं झालं तर?”

नात चौदा महिन्यांची. जन्माच्या वेळी वजन पावणेदोन किलो आणि रडली उशिरा. अजून आधाराशिवाय बसत नाही, उजव्या हाताची मूठ सहसा उघडत नाही. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला होता. आईवडील एक दिवसाची मजुरी बुडवून तिला घेऊन गेलेही. मशीन सुरू झालं तशी पोर दचकली, किंचाळली आणि तपासणी अर्ध्यावर राहिली. पुढच्या वेळी झोपेचं औषध देऊन करू, असं सांगितल्यावर घरात सगळेच घाबरले. त्यानंतर चार महिने ती फाइल पत्र्याच्या पेटीत पडून होती.

आवाजाची भीती खोटी नाही. पण त्या भीतीपायी लहान मुलाचे चार महिने जाणं फार महाग पडतं. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर याच विषयावर बोलू.

एमआरआय म्हणजे क्ष-किरण नव्हेत. यात चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या मदतीने शरीराच्या आतलं चित्र मिळतं. क्ष-किरणांचा किंवा सीटी स्कॅनचा किरणोत्सर्ग यात नसतो. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मोठ्या रुग्णालयांत सहसा दीड किंवा तीन टेस्ला ताकदीचं मशीन असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अंदाजे तीस हजार पट.

मग आवाज कशाचा? आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतला स्पीकर आठवा. त्यात एक चुंबक असतं आणि तारेची गुंडाळी असते. गुंडाळीतून वीज कमी-जास्त झाली की ती थरथरते आणि आवाज निघतो. एमआरआयच्या मोठ्या चुंबकाच्या आत अशाच तारांच्या मोठ्या गुंडाळ्या असतात. चित्र काढण्यासाठी त्यातली वीज सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद होते, गुंडाळ्या हादरतात आणि ठकठक, घर्रघर्र ऐकू येतं. थोडक्यात, ते मशीनच एक भलामोठा स्पीकर होतं. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. एमआरआयचा आवाज १०० डेसिबलच्या वरही जातो. त्यामुळे कानांचं संरक्षण न करता लहान मुलाला आत ठेवायचंच नाही. संरक्षण नीट असेल, तर कानाला इजा होण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

हा आवाज कमी करण्याचे मार्ग आहेत. पहिला मार्ग कानापाशीच असतो. मऊ स्पंजचे बोळे आणि त्यावर कान झाकणारी टोपणं. तान्ह्या बाळांसाठी छोटी, चिकटणारी टोपणंही मिळतात. दुसरा मार्ग मशीन चालवण्याच्या पद्धतीत आहे. गुंडाळ्यांमधली वीज झटके न देता हळूहळू बदलली तर थरथर कमी होते. अशा शांत पद्धतीत कधी वेळ थोडा जास्त लागतो, कधी चित्राची बारकाई थोडी कमी होते. पण आवाज दहा डेसिबलने उतरला तरी त्याची शक्ती दहाव्या हिश्श्यावर येते. झोपलेलं बाळ जागं होणं आणि न होणं यातला फरक इथेच असतो.

तिसरा मार्ग लहान, चाकांवर ढकलत नेता येणाऱ्या मशीनचा. त्याची ताकद फक्त ०.०६४ टेस्ला असते आणि आवाजही बराच कमी. अमेरिकेत अशा मशीनला २०२० साली मान्यता मिळाली. त्याचं चित्र मोठ्या मशीनइतकं बारीक नसतं, म्हणून सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातून मिळत नाहीत. तरी जिथे मोठी मशीनं पोचत नाहीत, तिथल्या बाळांच्या मेंदूची वाढ पाहण्यासाठी आफ्रिकेतल्या काही देशांत ते वापरलं जात आहे.

शांत तपासणीने काय साधतं, याचं एक उदाहरण देतो. शॉन डिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ३ ते ११ महिन्यांच्या १४ निरोगी बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बाळं आपल्या नैसर्गिक झोपेत होती, कोणालाही गुंगीचं औषध दिलेलं नव्हतं आणि मशीनचा आवाज मुद्दाम दाबलेला होता. विजेच्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं आवरण असतं, तसं मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण चढतं. त्यामुळे संदेश वेगाने जातात आणि मूल बसू, उभं राहू, बोलू लागतं. हे आवरण महिन्यागणिक कसं चढत जातं, ते या तपासणीत दिसलं.

जन्मानंतरच्या दोन वर्षांत मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो. कुठे इजा झाली असेल, तर याच काळात व्यायाम आणि उत्तेजन देऊन बाकीच्या मेंदूकडून काम शिकवून घेता येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत होता, पण पुरेशा वजनाने जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी होता. वाचन आणि गणितात त्यांना अडचण येत होती. म्हणजे कमी वजनाचं बाळ वाचलं, घरी आलं, इथे काम संपत नाही. त्याच्याकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. आपल्या बस्त्यांमध्ये रक्त कमी असलेल्या, बाळंतपणाच्या आठवड्यापर्यंत शेतात राबणाऱ्या आया आहेत. म्हणून ही गोष्ट आपल्या दाराशी आहे.

आता झोपेच्या औषधाबद्दल. पहिल्या काही महिन्यांतलं बाळ दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून झोपवलं तर बहुतेक वेळा औषधाशिवाय तपासणी होते. सहा महिन्यांनंतर ते अवघड जातं. मग भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध द्यावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला, तो तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबद्दल होता. एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलीने नुकसान होण्याची शक्यता कमी, असंही त्यातच म्हटलं आहे. म्हणून औषधाला नकार देऊन तपासणीच सोडू नका. आधी विचारा, औषधाशिवाय जमेल का? नाही जमलं, तर औषध घ्या.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. नैसर्गिक झोपेत तपासणी असेल तर बाळाला पाजून न्यायचं. औषध देऊन असेल तर सांगितलेले तास उपाशीच ठेवायचं. लेकरू रडतं म्हणून कोणी गुपचूप दूध पाजलं, तर भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं. चुकून पाजलंच, तर लाजू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. तारीख पुढे गेली तरी चालेल.

पुणतांब्याहून लोणीला किंवा अहिल्यानगरला जायचं म्हणजे पूर्ण दिवस जातो. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. लहान मुलांचे कान झाकायची टोपणं आहेत का? शांत पद्धतीने तपासणी करता येईल का? बाळाच्या झोपेची वेळ देता येईल का? कधी पाजायचं? शरीरात काही धातू बसवलेला असेल तर तो सांगा. वाळे, पैंजण, करदोड्यातलं चांदीचं, ताईत, सेफ्टी पिन घरीच काढून ठेवा. आईने आत जायचं असेल तर तिचेही दागिने आणि मोबाइल बाहेर. नेहमीचं दुपटं सोबत न्या. झोपेत तपासणी असेल तर त्या दिवशी बाळाला गाडीत झोपू देऊ नका.

आणि प्रत्येक मुलाला एमआरआय लागत नाही. टाळू भरलेली नसेल तर तिथून केलेल्या सोनोग्राफीने बरंच कळतं आणि तिचा आवाजही नसतो. आपण लक्ष ठेवायचं ते असं: दोन महिन्यांत बाळ आपल्याकडे पाहून हसतं का, चार महिन्यांत मान धरतं का, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसतं का, दीड वर्षात चालतं का. नसेल तर आशाताईंना, अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्याकडून संदर्भपत्र घेतलं की पुढची तपासणी आणि उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत मिळण्याची सोय आहे. “मुलगी आहे, सावकाश शिकेल” म्हणून थांबू नका. एमआरआयची तारीख लांबली तरी व्यायाम आजच सुरू करता येतो.

त्या आजींच्या नातीचं पुढे असं झालं. आईने आधी फोन करून विचारलं. संध्याकाळची वेळ मिळाली. दिवसभर पोरीला झोपू दिलं नाही. कानात बोळे, वर टोपणं, अंगावर घरचं दुपटं. मध्ये एकदा ती चाळवली, तेव्हा मशीन थांबवून आईने थोपटलं. तपासणी औषधाशिवाय पार पडली. मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा दिसली. उजवी मूठ का उघडत नाही, हे तेव्हा कळलं. आता आई रोज दोन वेळा शिकवलेले व्यायाम करून घेते. नात उशीच्या आधाराने बसते आणि उजव्या हाताने भाकरीचा तुकडा धरायचा प्रयत्न करते.

आजी म्हणाल्या, “चार महिने आधी गेलो असतो तर?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या घरात अशी एखादी फाइल पेटीत असेल, तर ती आजच बाहेर काढा.