वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

अपघाताची बातमी येते तेव्हा घरातल्या कोणाच्याही मनात कोर्टकचेरीचा विचार नसतो. पण दहावा होतो न होतो तोच दारात एक अनोळखी गृहस्थ येऊन उभा राहतो. ‘‘वहिनी, झालं ते फार वाईट झालं. पण आता मुलांकडे बघायला हवं. आमचे वकीलसाहेब सगळं करतील. आत्ता एक पैसाही द्यायचा नाही. भरपाई मिळाली, की त्यातला चौथा हिस्सा साहेबांचा. तुम्ही फक्त इथं सही करा.’’

रडून रडून डोळे सुजलेली बाई सही करते. एका नव्हे, पाचसहा कागदांवर. त्यातले दोन कोरे असतात. पुढे दाव्याचे काय झाले, रक्कम किती मंजूर झाली, तडजोड कोणी केली, हे तिला बाहेरच्यांकडून कळते.

सगळेच वकील असे नसतात. अशिलासाठी पदरमोड करणारे वकीलही प्रत्येक कोर्टात असतात. पण चांगला वकील दलाल पाठवून दारात येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला दलालामार्फत काम मिळवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत हिस्साही ठरवता येत नाही. म्हणजे ‘चौथा हिस्सा’ मागणारा पहिल्याच भेटीत नियम मोडत असतो.

वकील जवळचा का?

मोठ्या शहरातला नामांकित वकील केला की दावा जिंकलाच, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक मोटार अपघात दाव्याचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी चालते. तिथे दर तारखेला कोणी तरी हजर लागतो. बाहेरगावचा वकील दोनदा येतो, तिसऱ्यांदा मुदतवाढीचा अर्ज पाठवतो, आणि येण्याजाण्याचा खर्च मात्र तुमच्या खात्यावर पडतो. रोज त्याच कोर्टात उभा राहणारा वकील पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची नक्कल आणण्यापासून डॉक्टरांची साक्ष नोंदवण्यापर्यंतची कामे वेळेवर करू शकतो.

अपघात दूर कुठे तरी झाला असला तरी घाबरायचे कारण नाही. पुण्यात राहणाऱ्या कुटुंबातला माणूस हैदराबादच्या रस्त्यावर दगावला, तरी त्याच्या वारसांना पुण्यात दावा दाखल करता येतो. दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा मोटार वाहन कायद्यानेच दिली आहे.

मात्र उशीर करू नका. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही.

घरकाम करणाऱ्या बाईला पगार नसतो, म्हणून तिच्या मृत्यूबद्दल भरपाई नाममात्र मिळेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गृहिणीच्या कामाचे मोल धरून भरपाई ठरवली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. हे माहीत नसणारा वकील तुमच्या कामाचा नाही.

विचारायला लाजू नका

भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव करतो, पण वकिलासमोर बसलो की तोंडातून शब्द फुटत नाही. पहिल्या भेटीत हे प्रश्न जरूर विचारा: अपघाताचे दावे तुम्ही नेहमी चालवता का? तारखेला स्वतः याल, की सहायक येईल? फी किती, कोणत्या टप्प्यावर किती, आणि टायपिंग, नकला यांचा खर्च त्यात धरला आहे का? समोरच्या विमा कंपनीचे काम तुम्ही करता का? लहान गावात हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो.

फी कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा. वकीलपत्र वाचून, भरलेले असेल तेव्हाच सही करा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही कधीही करू नका. भरपाईची रक्कम तुमच्याच बँक खात्यात जमा व्हायला हवी. मूळ कागद देताना झेरॉक्स घरी ठेवा. दावा दाखल झाला, की त्याचा सोळा अक्षरअंकांचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. त्यावरून पुढची तारीख मोबाइलवरही पाहता येते.

लोकअदालतीत तडजोड होणार असेल तर रकमेचा आकडा आधी नीट समजून घ्या. तिथल्या निवाड्यावर अपील करता येत नाही.

पैसे नसतील तर?

फी परवडत नाही म्हणून दलालाच्या हाती सापडण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांनाही तो आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

ही सोय फक्त अपघातापुरती नाही. पोटगी मागणाऱ्या बाईलाही तिचा उपयोग होतो. घरातल्या कोणाला अटक झाली, तर त्याला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. तेव्हाही वकिलासाठी उधारउसनवार करण्याआधी याच कार्यालयात चौकशी करा.

वकील बदलता येतो

वकील तारखांना येत नसेल, उत्तरे टाळत असेल, तर त्याला बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे. ‘आधी बाकी फी, मग फाइल’ असे म्हणून त्याला कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच तसा निकाल दिला आहे. वकिलाच्या कामाबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले. पण गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे.

कायद्याचे काम वकिलाचे, पण दावा तुमचा आहे. गेलेला माणूस कोणतेही कोर्ट परत आणून देऊ शकत नाही. त्याच्यामागे मुलांच्या शाळेची फी, घराचे हप्ते, म्हाताऱ्या सासूबाईंचे औषधपाणी चालायचे असते, आणि ते सारे या रकमेवर अवलंबून असते. म्हणून पुढे केलेल्या पेनाला हात लावण्यापूर्वी एवढेच म्हणा, ‘‘कागद ठेवून जा. वाचून सांगते.’’ प्रामाणिक वकिलाला या वाक्याचा राग येणार नाही.