मोबाईलचा उपवास

उपवास ही गोष्ट आपल्या घरांस नवी नाहीं. एकादशीस अन्न वर्ज्य करितात, तें अन्न वाईट म्हणून नव्हे. अन्नावांचून देह चालत नाहीं हें उपवास करणारा पक्कें जाणून असतो. जी वस्तु रोज लागते तिच्यावर आपली सत्ता चालते कीं तिची आपल्यावर, एवढेंच त्या दिवशीं पारखून पाहावयाचें असतें. महात्मा गांधी सोमवारीं मौन पाळीत, तेंहि वाणीच्या द्वेषानें खास नव्हे. स्मार्टफोन कांहीं काळ दूर ठेवण्याची जी चर्चा हल्लीं घरोघरीं चालू आहे, तिचा विचार याच दृष्टीनें करावा असें आम्हांस वाटतें.

अशा विचारास आपल्या महाराष्ट्रांतच एक चांगलें उदाहरण सांपडतें. सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें गांव आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद पडल्या व शिक्षण मोबाईलवर आलें. पुढें शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातचा मोबाईल कांहीं सुटेना. तेव्हां २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गांवानें निश्चय केला. सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजावयाचा. त्यासरशीं घरोघरचे मोबाईल व टीव्ही बंद व्हावयाचे. साडेआठपर्यंत मुलांनीं अभ्यास व वाचन करावयाचें. बायकांची सभा भरवून त्यांच्यापुढें हा विचार आधीं मांडला गेला, आणि अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांनीं घरोघर फिरून तो लोकांच्या गळीं उतरविला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आमच्या विदर्भांतील यवतमाळ जिल्ह्यांत, पुसद तालुक्यांतील बान्सी गांवानें अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलबंदी करण्याचा ठराव ग्रामसभेंत केला. दोन्ही गांवांची तळमळ एकच. परंतु मार्गांत एक मार्मिक भेद आहे. एके ठिकाणीं बंधन मुलांपुरतें व सर्वकाळचें आहे. दुसऱ्या ठिकाणीं तें दीड तासाचें, पण थोरामोठ्यांसहि लागू आहे. आमच्या मतें एकत्र कुटुंबास दुसरा मार्ग अधिक मानवेल. आजोबा झोंपाळ्यावर बसून दिवसभर आलेले निरोप पुढें धाडीत आहेत आणि तेच नातवास संयमाचा उपदेश करीत आहेत, हा देखावा आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं दिसतो. मूल उपदेशापेक्षां आचरण लवकर उचलतें, हें शिक्षकाचा धंदा केलेल्या आम्हांस कोणीं सांगावयास नको.

आतां दुसरी बाजूहि पाहूं. मोबाईल ही केवळ चैन आहे असें म्हणणाऱ्यानें आमच्या भंडारा जिल्ह्यांत येऊन एखाद्या धानउत्पादकास भेटावें. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधीवर उभें राहून पिकाची नोंद शेतकऱ्यानें मोबाईलवर करावयाची. विजेची पूर्वसूचना देणारें ‘दामिनी’ हें पुण्याच्या हवामानसंस्थेनें तयार केलेलें साधन मोबाईलवरच चालतें. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर येऊन भंडारा शहरांत पाणी शिरलें; तशा रात्रीं मोबाईल बंद ठेवा असें कोणता शहाणा सांगेल?

आमच्या घरीं हा दीड तासाचा नेम धरावयाचें ठरलें, तेव्हां पहिली शंका सूनबाईंनीं काढली. त्यांच्या मातोश्री तुमसरास आजारी. “मामंजी, सात वाजल्यावर आईकडून कांहीं निरोप आला तर?” असें त्यांनीं विचारलें. शंका रास्त होती. लग्न होऊन आलेल्या मुलीस माहेरचा आवाज कानीं पडणें ही करमणूक नव्हे. तो धागा सासऱ्याच्या नेमासाठीं तोडणें अन्याय होय. म्हणून नेम सुरू करण्यापूर्वींच बटनांचा एक साधा फोन आणला, त्याचा नंबर सर्व आप्तांस कळविला, आणि तो माजघरांत अखंड चालू ठेवला. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं संभाषण करून भारतांत मोबाईलसेवेचा आरंभ केला, तेव्हां तें यंत्र बोलण्यापुरतेंच होतें. बोलणें चालू ठेवावें, पडद्याकडे पाहणें थांबवावें, एवढा विवेक केला म्हणजे बरीचशी अडचण दूर होते.

राहिला प्रश्न मोकळ्या झालेल्या वेळाचा. नुसती रिकामी घटका टिकत नाहीं. मुलें कंटाळतात व मोठे चिडतात. दिवेलागणीची हीच वेळ पूर्वीं शुभंकरोतीची, पाढ्यांची व परवच्याची असे. आज पावकी-निमकी घोकविण्याचा आग्रह आम्ही धरणार नाहीं. परंतु आजीनें गोष्ट सांगावी, वडिलांनीं मोठ्यानें कांहीं वाचावें, मुलांनीं वाती वळाव्या किंवा भाजी निवडूं लागावें. मात्र स्वयंपाकाचा सारा भार स्त्रियांवर ठेवून पुरुषांनीं वाचनाचें पुण्य जोडूं नये, नाहींतर त्यांच्या वांट्यास उपवासाचा त्रास तेवढा यावयाचा.

असो. वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, प्रथम एक पंधरवडा हा प्रयोग करावा. आरंभ घरांतील सर्वांत वडील माणसानें करावा. त्यानें आपला मोबाईल फडताळांत ठेविल्यावर मगच धाकट्यांकडे हात पुढें करावा. पंधरवडा सरल्यावर सर्वांनीं एकत्र बसून, मुलांचें व सुनांचें म्हणणें आधीं ऐकून, नेम पुढें चालवावयाचा कीं कसें तें ठरवावें.