पदवी हातात नसताना पायाच्या डॉक्टरकीला अर्ज करता येतो का?

आज आपण एका प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत. प्रश्न आला आपल्याच गटातल्या एका ताईंकडून, पण त्याचं मूळ थेट अमेरिकेत आहे. ताईंची बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, त्याला बावीस-तेवीस वर्षं झाली. तिची मुलगी, म्हणजे ताईंची भाची, तिथल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. ती आता म्हणते, मला पोडियाट्री स्कूलला जायचंय आणि त्यासाठी चौथं वर्ष पुरं करायची गरज नाही, मी आत्ताच अर्ज करते. आई घाबरली. पदवी अर्धवट टाकून कुणी डॉक्टर होतं का? तिने बहिणीला फोन केला, ताईंनी प्रश्न बैठकीत मांडला, आणि बचतीचा हिशोब बाजूला राहून तासभर त्यावरच चर्चा झाली.

निम्म्याजणी म्हणाल्या, आधी पदवी, बाकी सगळं नंतर. त्यामागचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. "एकच वर्ष राहिलंय, नंतर करेन," असं म्हणणाऱ्या किती मुलींचं ते वर्ष नंतर आलं? लग्न झालं, लेकरू झालं, गुणपत्रिका ट्रंकेत राहिल्या. म्हणून ही भीती खोटी नाही. पण या मुलीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजून घेतली तर आपल्याही मुलींच्या कामाची आहे.

आधी पोडियाट्री म्हणजे काय ते पाहू. पोडियाट्रिस्ट म्हणजे पावलाचा आणि घोट्याचा डॉक्टर. अमेरिकेत हे वेगळंच शिक्षण आहे, त्याच्या पदवीला डी.पी.एम. म्हणतात. आपल्याकडे डी.पी.एम. म्हटलं की मनोविकाराचा डिप्लोमा, त्यामुळे पाटी वाचून गोंधळ होऊ देऊ नका. अमेरिकेतला हा डॉक्टर पायाची तपासणी करतो, औषध लिहून देतो, शस्त्रक्रियाही करतो. कुणी म्हणेल, एवढ्याशा पायाला वेगळा डॉक्टर कशाला? ज्या घरात साखरेचा आजार आहे त्या घरातल्या बाईला विचारा. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुततो आणि कळतच नाही. रक्तही पायापर्यंत नीट पोहोचत नाही, मग जखम भरत नाही, चिघळते, आणि शेवटी बोट नाहीतर पाऊल काढायची वेळ येते. या ताईंच्या आईचं, म्हणजे त्या मुलीच्या आजीचं, असंच एक बोट गेलं. शेतात अनवाणी चालताना काहीतरी लागलं होतं, आणि आठ दिवसांनी वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. नातीला हे क्षेत्र का निवडावंसं वाटलं, हे आम्ही तिला विचारलं नाही.

आता मूळ प्रश्न. इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते वेगळे करायला हवेत. एक म्हणजे पदवी पुरी व्हायच्या आधी अर्ज करता येतो का. दुसरा म्हणजे पदवी न घेताच प्रवेश मिळतो का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, आणि त्यात जगावेगळं काही नाही. सामायिक अर्ज ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतात आणि वर्ग भरतात पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या आसपास. म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेली मुलंसुद्धा पदवी हातात नसतानाच अर्ज करतात. आपल्याकडे बारावीचा निकाल लागायच्या आधी मुलं प्रवेश परीक्षा देतात, तसंच हे. आलेले अर्ज जसजसे येतात तसतसे पाहिले जातात, म्हणून लवकर अर्ज केलेला बरा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हो असंच आहे, पण त्याला अटी आहेत. तिथल्या कॉलेजात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. आपल्यातल्या ज्या मुक्त विद्यापीठातून शिकल्या त्यांना क्रेडिट माहीत आहे. बाकीच्यांनी बचतीचं पासबुक डोळ्यांपुढे आणावं. दर सेमिस्टरला विषय पास केले की पासबुकात क्रेडिट जमा होतात. पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात, आणि ती जमवायला चार वर्षं जातात. पोडियाट्री स्कूलची किमान अट आहे ९० क्रेडिटची. म्हणजे चारांपैकी तीन वर्षं. काही कॉलेजं वर्षाचे दोन भाग न करता तिमाहीने चालतात, त्यांच्या मापाने हा आकडा १३५ होतो. माप वेगळं, माल तेवढाच.

पण नुसते ९० भरून भागत नाही. त्यात ठरावीक विषय हवेत. साधारणपणे जीवशास्त्राची ८ क्रेडिट, रसायनशास्त्राची ८, सेंद्रिय रसायनशास्त्राची ८, भौतिकशास्त्राची ८ आणि इंग्रजीची ६. ही झाली ३८, आणि विज्ञानाच्या विषयांत प्रयोगशाळेचं कामही आलं. उरलेली क्रेडिट दुसऱ्या विषयांची चालतात. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते, म्हणून जिथे अर्ज करायचा तिथली यादी वाचायलाच हवी. याशिवाय एमकॅट नावाची परीक्षा आहे. तिथली साधी डॉक्टरकी करणारी मुलं जी परीक्षा देतात तीच ही. सकाळी बसलं की सुट्ट्या धरून साडेसात तास जातात, आणि गुण ४७२ ते ५२८ यांच्यामध्ये पडतात. आमच्यातल्या एकीने विचारलं, मग नापास कोण? तर तसं नापास कुणी नाही, पण ४७२ घेऊन कुणी दारात उभंही करत नाही. शिवाय एखाद्या पोडियाट्रिस्टच्या दवाखान्यात बसून काम पाहिलेलं असावं आणि त्याचं शिफारसपत्र असावं, अशी अपेक्षा असते. हे आम्हाला फार पटलं. जन्मभर लोकांचे पाय हातात घ्यायचे आहेत, तर आधी चार दिवस बघून घ्यावं की आपल्याला ते जमतंय का.

मग भाचीने चौथं वर्ष सोडावं का? अमेरिकेत अशा अकरा पोडियाट्री स्कूल आहेत, आणि तिथे जाणाऱ्या बहुतेक मुलांकडे पदवी असतेच. ९० ही किमान अट आहे, म्हणजे दारातून आत यायची परवानगी. खुर्ची मिळेलच असं नाही. तीन वर्षांवर येणाऱ्या मुलीचे गुण उत्तम असावे लागतात, कारण पदवीवाल्यांच्या रांगेत तिला उभं राहायचं असतं, आणि एमकॅटचा अभ्यासही तिला वर्षभर आधी संपवावा लागतो.

एक मधला रस्ता मात्र आहे, आणि तो फोनवर कुणीच बोललं नव्हतं. काही कॉलेजांचा पोडियाट्री स्कूलशी करार असतो. त्याला तीन अधिक चार म्हणतात. तीन वर्षं कॉलेजात काढायची, मग चार वर्षं पोडियाट्री स्कूलमध्ये, आणि तिथलं पहिलं वर्ष पास झालं की ती क्रेडिट मूळ कॉलेजच्या पासबुकात जमा होऊन तिथली पदवीही मिळते. वर्ष वाचतं आणि पदवीही जात नाही. पण हा करार त्या दोन संस्थांमध्येच असतो, आणि त्यात शिरायचं तर बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच विषय त्या बेताने घ्यावे लागतात. म्हणून आम्ही ताईंना सांगितलं, भाचीला पहिला प्रश्न हाच विचारा: तुझ्या कॉलेजचा असा करार आहे का? असेल तर आईने निश्चिंत व्हावं. नसेल तर मुलीने कॉलेजच्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्यावं, की पोडियाट्रीच्या पहिल्या वर्षाची क्रेडिट इकडे धरून पदवी देणार का. तोंडी "होईल, होईल" चालणार नाही. बँकेत आपण तोंडी मंजुरीवर म्हैस विकत घेत नाही.

करार नाही, लेखी उत्तरही नाही, अशा वेळी काय? धोका कुठे आहे तो पाहा. समजा ती गेली, आणि पहिल्या वर्षात तिला ते झेपलं नाही, आजारी पडली, किंवा हे आपलं काम नाही असं वाटलं. तर तिच्या हातात ना डी.पी.एम. ना साधी पदवी. दुसरीकडे मास्टर्सला जायचं तर पदवी मागतात, कितीतरी नोकऱ्यांत पहिला रकाना तोच असतो. आणि दुसरी गोष्ट, डी.पी.एम. झालेला डॉक्टर पाय आणि घोटा एवढंच पाहतो. पुढे मन बदललं आणि बालरोगतज्ज्ञ व्हावंसं वाटलं, तर पुन्हा वेगळ्या कॉलेजात पहिल्यापासून सुरुवात. विसाव्या वर्षी हे ठरवणाऱ्या मुलीने एवढं तरी माहीत करून घ्यावं. आम्हाला विचाराल तर तिने अर्ज जरूर करावा, पण चौथ्या वर्षाची नावनोंदणी सोडू नये. जागा पक्की झाली आणि सगळं कागदावर आलं, तेव्हा काय ते ठरवावं. नाही मिळाली तर चौथं वर्ष चालूच आहे, पुढच्या ऑगस्टला पुन्हा अर्ज.

आता पैसा. गटात कर्ज देताना आपण विचारतो, कशाला हवंय आणि फेडणार कसं. तेच इथे विचारू. डी.पी.एम. चार वर्षांचं. पहिली दोन वर्षं मुख्यतः वर्गात आणि प्रयोगशाळेत, पुढची दोन रुग्णांमध्ये. त्यानंतर रुग्णालयात तीन वर्षं रेसिडेन्सी. तिथे पगार मिळतो, पण मुरलेल्या डॉक्टरचा नव्हे. म्हणजे पदवी पुरी करून गेलं तर कॉलेजपासून अकरा वर्षं, तीन वर्षांवर गेलं तर दहा. पोडियाट्रीची फी वर्षाला ४० ते ५० हजार डॉलरच्या आसपास असते, राहणं-खाणं वेगळं. तिथल्या सरकारने नियम बदलला आहे. १ जुलै २०२६ पासून अशा व्यावसायिक शिक्षणासाठी नव्याने सरकारी कर्ज घेणाऱ्याला वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर, यापेक्षा जास्त मिळणार नाही. गुणाकार करून पाहा, नुसती फीच त्या मर्यादेला जाऊन भिडते. राहण्याखाण्याचा खर्च घरून किंवा खासगी कर्जातून. म्हणून एक वर्ष वाचवण्याची मुलीची घाई आम्हाला उथळ वाटली नाही. कॉलेजची एक वर्षाची फी वाचते आणि कमाई एक वर्ष आधी सुरू होते. हिशोब तिनेही केलेला आहे.

हे ऐकून आमच्यातल्या एकीने विचारलं, आपली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षावरून अशी तिकडे जाऊ शकेल का? खरं सांगायचं तर हा रस्ता तिच्यासाठी फार चढाचा आहे. इथल्या गुणपत्रिका तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून क्रेडिटमध्ये बदलून घ्याव्या लागतात. परदेशी विद्यार्थ्याला तिथलं सरकारी कर्ज मिळत नाही. आणि शिकून परत यायचं म्हटलं तर डी.पी.एम. म्हणजे एम.बी.बी.एस. नव्हे, त्यावर इथे डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही. इथून जायचंच असेल तर निदान इथली पदवी पुरी करूनच जावं, यावर मात्र बैठकीत एकमत झालं.

इंग्लंडची रीत निराळी आहे. तिथे पोडियाट्री हीच पदवी आहे. बारावीच्या तोडीचं शिक्षण झालं की थेट प्रवेश, इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं, स्कॉटलंडमध्ये चार. मग सरकारी नोंदवहीत नाव लागतं आणि ते लागल्याशिवाय कुणाला स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. काम तेच, पण एका देशात पदवीनंतरची डॉक्टरकी, दुसऱ्यात बारावीनंतरची पदवी. त्यामुळे कुणी सांगितलं की अमुकची मुलगी बारावीनंतरच पोडियाट्रीला गेली, तर आधी विचारा, कोणत्या देशात.

आणि आपल्याकडे? २०२१ साली केंद्र सरकारने डॉक्टर आणि नर्स सोडून आरोग्यातल्या इतर व्यावसायिकांसाठी एक राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत पोडियाट्रिस्ट हे नाव आलेलं आहे. नाव आलं म्हणजे तालुक्याच्या गावाला कॉलेज निघालं असं नाही. आज आपल्याकडे साखरेच्या रुग्णाचा पाय पाहतात ते साखरेचे आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, आणि ज्यांना आपण जयपूर फूट बसवणारे म्हणून ओळखतो ते कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवणारे तज्ज्ञ. बधिर पायाला जखम होऊ नये म्हणून मापाची मऊ चप्पलही हेच लोक करून देतात. त्याची पदवी आहे, बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची जी पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, तिथे ती शिकवतात. बारावी विज्ञान शाखेतून लागते. तुमच्या गटात कुणाची मुलगी यंदा दहावीला असेल, तर अकरावीची शाखा भरण्याआधी तिला हे नाव कागदावर लिहून द्या, उच्चारायला कठीण आहे.