मांजराचा खोकला : केव्हा काळजी करावी?

मांजर हे शेतकऱ्याच्या घरी धान्याचे राखणदार असते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, तूर, हरभरा घरात आला की पोत्यांच्या थप्पीवर त्याचा मुक्काम पडतो. देवणी वा लाल कंधारी बैल ढासू लागल्यास धनी तत्काळ दवाखाना गाठतो. मांजर खोकल्यास मात्र ‘घशात केस अडकला असेल’ असे म्हणून विषय संपतो. पुष्कळदा खोकला किरकोळ असतोही. परंतु किरकोळ कोणता व धोक्याचा कोणता, हे ओळखता आले पाहिजे.

खोकला कसा ओळखावा

खोकणारे मांजर अंग जमिनीशी टेकवून मान पुढे ताणते, कोरडा घरघरता आवाज काढते आणि शेवटी बहुधा आवंढा गिळते. केस ओकणाऱ्या मांजराचे पोट जोराने आत-बाहेर होते व अखेरीस केसांचा लांबट गोळा किंवा फेस बाहेर पडतो. पहिली तक्रार श्वासमार्गाची, तर दुसरी पोटाची होय.

कारणे

मळणीची धूळ, भुसकट आणि चुलीत जळणाऱ्या तुराट्या-पळाट्यांचा धूर यांमुळे मांजरास ठसका लागतो. एखाद-दोन वेळा खोकून ते पूर्ववत खाऊ-खेळू लागले, तर त्यास मोकळ्या हवेत ठेवणे पुरेसे असते. धुळीत गेल्यावर दर वेळी ढास लागत असेल, तर दम्याची शंका घ्यावी. शिंका व डोळ्यांतून स्राव असल्यास बहुधा विषाणुजन्य सर्दी असते.

दुसरे कारण जंत. पोटातील गोलकृमींच्या अळ्या वाढीच्या काळात फुफ्फुसांतून प्रवास करतात. म्हणून जंत झालेली पिले खोकतात. फुफ्फुसांत राहणारा एक निराळा जंत गोगलगायींत वाढतो. गोगलगायी खाणारे उंदीर, पाली वा पक्षी मांजराने खाल्ले की तो त्याच्या शरीरात शिरतो. २०२२ च्या खरिपात लातूर जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडला होता. अशा पावसाळ्यानंतर मांजराचा खोकला हटत नसेल, तर विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

तिसरे कारण विष. रक्त पातळ करणारे उंदराचे औषध पोटात गेल्यास फुफ्फुसांत रक्तस्राव होऊन खोकला व धाप लागते. म्हणून विषाने मेलेले उंदीर खोल पुरावेत.

दवाखाना केव्हा गाठावा

निजलेल्या मांजराचे श्वास घड्याळ लावून मोजावेत. निरोगी मांजर मिनिटाला साधारणतः ३० पेक्षा कमी श्वास घेते. श्वास ४० च्या वर जाणे, तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, हिरड्या पांढऱ्या वा निळसर दिसणे, खोकल्यातून रक्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. आठवडाभर टिकलेला खोकलाही दाखवावा. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; इतरांनी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

हे कदापि करू नये

माणसाचे औषध मांजरास देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील त्याचा प्राण घेऊ शकते. कारण ते पचविण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच थोडी असते. निलगिरीचे तेलही चोळू नये.

घास अडकला असे समजून मांजराच्या तोंडात बोट घालू नये. पिसाळलेल्या जनावराचा घसा व जबडा लुळा पडतो, लाळ गळते, आवाज बदलतो. पाहणाऱ्यास हाड अडकल्याचा भास होतो. चावा, ओरखडा अथवा जखमेला लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता सरकारी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य बहुधा वाचत नाही; वेळीच घेतलेली लस मात्र वाचविते. ग्रामकार्यकर्त्यांनी ही एक गोष्ट तरी प्रत्येक घरी, विशेषतः मुलांना, समजावून सांगावी.